डचेसचं माहेर

ती. नेरिडाताईस,

धाकट्या ओवेनचा नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि तुझे गुलाब (तुझ्या लेखी महत्त्वाचा क्रम उलटा, ठाऊक आहे) ठीक असतील अशी आशा करतो. टूवूम्ब्याच्या फुलांच्या प्रदर्शनात यंदाही पहिला नंबर तुझाच, हे इकडे बलोन नदीकाठी सगळे धरूनच चालतात. पत्र लिहिण्यास कारण की, कारण काहीच नाही. बहिणीची आठवण झाली.

इकडे रानडुकरांनी वीट आणला होता. ज्वारी अशी उकरली की नांगर फिरवायची गरज उरली नाही, आणि कोकरू जन्मतंय न जन्मतंय तोच गट्टम. असा आणखी एक हिवाळा गेला असता तर शेत विकून तुझ्या दारात वळकटी घेऊन उभा राहिलो असतो (हे दाजींना वाचून दाखवू नकोस). म्हणून शेजाऱ्यांनी मिळून वरून डुकरं टिपायला पुन्हा हेलिकॉप्टर बोलावलं. पायलट गेल्या वर्षीचाच, धडाडधूम डग्गन. पण यंदा त्याच्या मागे बंदूक घेऊन बसायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, हॅलोरन नावाच्या, आणि येताना नियम घेऊन आल्या. एका वेळी एकच कळप, तो पुरा झाल्याशिवाय दुसरीकडे वळायचं नाही. नेम पक्का नसेल तर गोळी नाही. शंका आली तर परत फिरून बघायचं, जखमी जनावर तडफडत सोडायचं नाही. मी सभेत उठून म्हणालो, "बाई, आधी डुकरांना ओवाळू का?" सगळे हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "गेल्या वर्षी अर्धे कळप नुसते पळवून लावलेत. ते काय शिकले? पंख्याचा आवाज आला की झुडपात दडायचं. डुकरं मारली नाहीत हो तुम्ही, त्यांची शाळा काढलीत." मग सगळे आणखी जोरात हसले, आणि ते हसणं बाईंना नव्हतं.

खरं सांगायचं तर बाईंचं म्हणणं लागू पडलं. शेवटी एकच कळप उरला, गेल्या वर्षीच्या शाळेतला पहिला नंबर, दलदलीतल्या झुडपांत मुरलेला. त्यावर बाईंचा उपाय असा की डुकरिणीच्या गळ्यात सिग्नलचा पट्टा बांधून सोडायची. डुकराला एकट्याने करमत नाही. ती कळप शोधते, हेलिकॉप्टर तिला शोधतं. (शेवटी तिलाही गोळी, हे बाईंनी जरा खालच्या आवाजात सांगितलं.) आता डुकरीण आणायची कुठून? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डचेस तुला आठवत नसेल, कारण तिच्याबद्दल तुला कधी सांगितलंच नाही (रानडुक्कर पाळायला बंदी आहे). ती वीतभर असताना तुझ्या भावजयीने, बेरिलने, तिला चुलीमागे ठेवून बाटलीने दूध पाजलं. बेरिल तिला लेक मानते. मी मात्र जनावराला जनावरच समजतो. त्यामुळे पट्टा बांधून तिला दलदलीत मीच सोडून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या संडासात पेपर वाचत बसलो होतो, तर डोक्यावर घरघर. पत्र्याचं छप्पर उडून मेंढ्यांच्या वाड्यात पडलं. वर पाहतो तो डग्गन, आणि त्याच्या मागे बाई, दुर्बीण लावून. सिग्नल बरोबर होता. डचेस संडासाच्या दारात माझी वाट पाहत पसरली होती. पुढच्या वेळीही तेच घडलं, फक्त तेव्हा उडायला छप्पर नव्हतं.

तिसऱ्यांदा तिला पार नदीपलीकडे सोडली आणि पट्टाच बंद पडला. दोन महिने पत्ता नाही. बेरिल माझ्याशी बोलेना (तुला वाटेल, तेवढीच शांतता. नाही गं). मग एका सकाळी दार उघडतो तर अंगणात डचेस, आणि तिच्यामागे अकरा रानडुकरं, खाण्याच्या कुंडात तोंड घालून. लेकीने मैत्रिणींना जेवायला आणावं तसा तो कळप तिने घरी आणला होता. मी मागून जाऊन फाटक लावलं आणि तिला तेवढी स्वयंपाकघरात घेतली. बाई आल्या. धावाधाव नाही, किंकाळी नाही, प्रत्येकाला एकच गोळी. मी आत रेडिओ मोठा करून बसलो होतो. यंदा कोकरं वाचली, शेतही वाचलं. पण ताई, तिने विश्वासाने पाहुणे आणले होते, आणि ते फाटक लावताना मला फार वाईट वाटलं.

बाई आत आल्या तेव्हा मी पट्टा त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, डचेस गेली. टेबलाखाली कुणीतरी जोरात ढेकर दिला. बाईंनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "पट्टा मिळाला. माझं काम झालं."

असो. इकडे बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
ओवेन

ता. क. शुक्रवारी लोकरीच्या ट्रकमधून 'बटाटे' लिहिलेली एक पेटी येईल. ते बटाटे नाहीत. इथे लोकांची नजर आहे, तेव्हा थोडे दिवस सांभाळ. रोज कोमट कस्टर्ड लागतं. रेडिओवर क्रिकेट लावलं की झोपते.

आणखी एक. गुलाबांना कुंपण घाल. शक्यतो लोखंडी, आणि शक्यतो आजच.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून मी बेरिल दोन ओळी लिहिते. जनावराला जनावर समजणाऱ्या तुमच्या भावाने काल पेटीत स्वतःची उशी घातली. तिचं पोट कस्टर्डने सुटलंय अशी त्याची समजूत आहे, ती तशीच राहू द्या. त्या अकरा पाहुण्यांत एक जावईबापूही होते. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. आत्या म्हणून जपा.