थंड डोक्याचे सभागृह

सोमवार, ४ तारीख. सकाळ.
आजपासून हात उचलायचा नाही. पक्के. उभा जन्म धान्यबाजारात पोती वाहिली, हमालांची युनियन चालवली. तिथे हाताशिवाय चालत नव्हते. पण आता आपण वरच्या सभागृहाचे नेमलेले सदस्य. खालच्या सभागृहातली तापट माणसे घाईने कायदे करतात, ते थंड डोक्याने तपासायला आम्हाला वर बसवले आहे. ही म्हणाली, "थंड डोकं? तुमचं? परवा दूधवाल्याच्या अंगावर किटली कोणी फेकली?" किटली निसटली होती.

धान्यबाजार पाडायचे विधेयक खालून मंजूर होऊन आले आहे. आमचा थोरला अजून तिथेच पोती उचलतो. आम्ही वर अडवले तर बाजार वाचेल, नाहीतर सगळे हमाल रस्त्यावर. म्हणून शांत राहायचे. चहा अर्धाच घेतला.

मंगळवार, ५. संध्याकाळ.
सभापती उंच खुर्चीवर, त्यांच्या पायाशी सचिव, दोन्ही बाजूंना आम्ही. मधल्या मोकळ्या जागेत उतरायला बंदी आहे. सगळे उतरले. मी शेवटी, तोही सोडवायला. बाजार पाडणाऱ्यांचा म्होरक्या एक वकील आहे. त्याची कॉलर आपोआप माझ्या मुठीत आली. माईक उपटले गेले. एक पेपरवेट सभापतींच्या कपाळावर बसला, भळाभळा रक्त. कोणी फेकला कळले नाही. माझ्या बाकावरचा पेपरवेट सापडत नाही. इथे चोऱ्याही होतात वाटते.

बुधवार, ६.
सभापतींच्या जागी उपसभापती बसले. तासाभरात पुन्हा झोंबाझोंबी. कोणीतरी त्यांचे बोट कडकडून चावले. हाडापर्यंत गेले म्हणतात. माझी कवळी त्यांच्या बाहीत सापडली. गर्दीत कवळी कुठेही जाऊ शकते. सचिवाने ती पुरावा म्हणून पाकिटात सील केली. दात नसलेल्या माणसावर चावल्याचा संशय! रात्री ब्रेड दुधात बुडवून खाल्ला.

गुरुवार, ७. दुपार.
देव आहे. सभापती, उपसभापती दोघेही हॉस्पिटलात. अशा वेळी तालिकेवरचा पहिला सदस्य खुर्चीवर बसतो. तालिका म्हणजे बदली माणसांची नावे, वयाच्या क्रमाने. पहिले नाव माझे! दुसरे वकिलाचे. सचिव सांगत बसला: खुर्ची क्षणभरही रिकामी ठेवायची नसते, पहिला उतरला की दुसरा चढतो, आणि मते सारखी पडली तर निर्णायक मत खुर्चीचे. मला काय शिकवतो!

थोरल्याला फोन केला. म्हणाला, "बाबा, फक्त बसून राहा. बाकी काही करू नका." मुलाला बापाची ताकद माहीत नाही.

शुक्रवार, ८. हे हिच्याकडून लिहून घेतो आहे.
मतदान झाले. मते सारखी! गॅलरीत हमाल दाटीवाटीने उभे, थोरला सर्वांत पुढे. निर्णायक मत माझे. पितळी घंटा हातात घेतली, तोंड उघडले. दातांशिवाय शब्द जुळवायला वेळ लागतो. तेवढ्यात वकील खालून म्हणाला, "सांभाळून हं, आजोबा. हमालाला खुर्ची उचलता येते, तिच्यावर बसता येत नाही."

थोरला वरून ओरडला, "बाबा, उतरू नका! आधी मत द्या!" पोरगा लवकर घाबरतो. मी उतरलो. घंटा वकिलाच्या नाकावर. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. मग सचिवाची खुर्ची उचलली आणि मध्ये आलेल्या एका प्राध्यापकाच्या पाठीत घातली. मोठ्या खुर्चीला हात लावला नाही. नियम म्हणजे नियम.

वर पाहतो तर मोठ्या खुर्चीवर वकील. नाकाला रुमाल, रुमाल लालभडक. पहिला हुकूम: या सदस्याला बाहेर काढा. चार मार्शल आले, मला पोत्यासारखे उचलले. मी एकाच्या पोटात लाथ घातली, त्यांनी मला दगडी पायऱ्यांवर टाकले. मनगट तिथेच गेले. दारातून ऐकू आले: निर्णायक मत विधेयकाच्या बाजूने. मी ओरडलो, त्याने आधी एकदा मत दिलंय! सचिव दार लावता लावता म्हणाला, "ते माणसाचं होतं, साहेब. हे खुर्चीचं."

(हिने इथे स्वतःच्या मनाने "शाब्बास" असे लिहिले आहे. खोडायला सांगितले तर नाही म्हणते.)

शनिवार, ९. डाव्या हाताने.
अधिवेशन संपेपर्यंत निलंबित. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोक्यावर बर्फाची पिशवी. चूक मार्शलांची. माझ्या घंटेचा नेम मात्र अचूक होता, हे कोणीच बोलत नाही.

रविवार, १०.
थोरला आला. पोती ओढायचा आकडा टेबलावर ठेवला. बाजाराच्या फाटकाला कुलूप लागले. म्हणाला, "बाबा, नुसतं बसायचं होतं." मी विचारले, मग अपमान गिळायचा का? तो म्हणाला, "आम्ही रोज गिळतो. प्रत्येक ट्रकमागे." चहा न घेताच गेला.

त्याला चोख उत्तर देणार होतो. पण कवळी सचिवाच्या कपाटात आहे.