नऊ दिवसांचं वय

प्रिय क्रांती,

त्या सकाळी मी चूल पेटवली, आठ भाकऱ्या थापल्या, गोठ्यातलं शेण काढलं, आडावरून दोन घागरी पाणी आणलं. सासूबाई तुळईला बांधलेली दोरी सोडून माळ्यावर टाकत होत्या. तुझ्या जन्माआधी चार वर्षांची ही गोष्ट. तुला सांगायचं कितीदा मनात आलं, राहूनच गेलं.

सोमवारी साताऱ्याच्या जुन्या गोऱ्यांच्या कबरस्तानात मी नुसती सोबत म्हणून आले होते. दीडशे वर्षांपूर्वी मुलं किती आणि कोणत्या वयात दगावायची, हे तू तिथल्या दगडांवरून शोधतेस, एवढंच मला ठाऊक. झिजलेल्या दगडावर स्टीलच्या ताटानं तिरपं ऊन पाडलं की अक्षरं वर येतात, हे तू दाखवलंस. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवर शिकलेलं माझं इंग्रजी कामी आलं. सतरा महिने. चार वर्षं. तू भराभर लिहीत होतीस. मग कोपऱ्यातल्या लहानशा दगडावर बापाचं नाव निघालं, मुलाचं नाहीच. वय नऊ दिवस. मी म्हणाले, नाव नाही तर सोड की. तू म्हणालीस, "आई, जन्मला होता ना? मग मोजायचा." मी ताट खाली ठेवलं. तुला वाटलं, हात भरून आला.

आपल्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. दगडावर काही कोरत नाहीत, आणि आईनं तिथं जायचं नसतं. बाप म्हणून तुझे आबा त्याला जुन्या लुगड्याच्या धडप्यात घेऊन गेले, परत येऊन हातपाय धुतले. कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता आबांनाही जाऊन सहा वर्षं झाली.

तोही नऊ दिवसांचाच होता, क्रांती. तुझा थोरला भाऊ. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मी भाकऱ्या थापल्या तो बारावा दिवस, बारशाचा; ती दोरी पाळण्याची होती. नाव तुझ्या आत्याच्या मनात होतं, ते तिच्याच मनात राहिलं. वहीत तुझ्या गोऱ्यांच्या मुलांत त्याला जागा नसेल. मागच्या कोऱ्या पानावर लिही, पण मोज. एवढ्यासाठी हे पत्र.

कबरस्तानातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गुंडा भावजींकडे गेले. त्याला पुरायला आबांबरोबर तेच गेले होते. "आवं वैनी, लय वरसं झाली, आता कशाला?" म्हणाले, पण पायताण घालून निघाले. विहिरीवरच्या बांधाला एका जागी त्यांनी काठी टेकवली, "हितंच" म्हणाले. परड्यातला एक सपाट दगड मी ओच्यात नेला होता. तो तिथं ठेवला आणि घरी आले.

तुम्हा दोघांचीच,
आई