बाबांचे डोळे आणि तुझी सबब

दादा,

बाबांना घेऊन दवाखान्यात जातेय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ तू मला न विचारता रद्द केलीस, ती मी परत घेतली. जेवणाचं तुझं तू बघ, आणि मागून फोन करून मला अक्कल शिकवू नकोस.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, की म्हातारपणी डोळ्याचा पडदा असा खराब झाला की स्मरणशक्तीही तपासून घ्यावी, ही दुखणी कधीकधी जोडीने येतात. पण तुझं आपलं एकच पालुपद: त्यांना चेहरे दिसत नाहीत, म्हणून ते ओळखत नाहीत.

काल मी ऑफिसातून बाबांना फोन केला. नाव सांगितलं, तरी म्हणाले, "आपण कोण?"

फोनवर कुणाचा चेहरा दिसतो रे?