सव्विसावा अंक

मी, चंद्रहास विनायक टिळेकर, वय चौसष्ट, निवृत्त इंजिनीअर, राहणार गिरावीन, सिडनी, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, शुक्रवारी वेस्टमीड हॉस्पिटलात त्याची बायपास आहे. म्हणून हे आजच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर आणि बँकेतले सर्व पत्नी चित्रलेखा हिला, तिच्यानंतर मुलगी यामिनी हिला. यावर चर्चा नको.

२. माझा कॅल्क्युलेटर माझा तरुण मित्र यतिन याला. "काका, गूगल करा ना," असे तो अकरा वर्षे म्हणतो आहे. कॅल्क्युलेटर कोरा आहे, एकदाही वापरलेला नाही.

३. चौदा वह्या यामिनीला. काय आहे ते लिहितो, नाहीतर रद्दीत जायच्या. मी एक संख्या शोधत होतो. तिच्या पहिल्या दोन अंकांना दोनने भाग जावा, पहिल्या तिनांना तीनने, चारांना चारने, असे जाता येईल तितके पुढे. ३६, ३६०, ३६०८. बहुतेक संख्या वाटेतच अडतात. प्रत्येक वाट मी पेन्सिलीने तपासली, आधी ट्रेनने जाता-येता, मग लॉकडाउनमध्ये स्वयंपाकघरात बसून.

४. २०१९च्या दिवाळीला यामिनी दुसऱ्या राज्यातून, टार्निटहून, आली. म्हणाली, प्रोग्रॅम लिहिला, उत्तर सेकंदात आले. बंद पाकीट पुढे ठेवले. माझ्या नऊ वर्षांचे वाटोळे झाले असे वाटून मी ताटावरून उठलो. तेव्हापासून तिच्याशी बोललो नाही. आता साथीमुळे राज्यांची बॉर्डर बंद, ती शुक्रवारी येऊ शकत नाही. हट्ट माझा आणि शिक्षा तिला.

५. गेल्या गुरुवारी दुपारी शेवटची वाट संपली.

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

अशी पंचवीस अंकी संख्या एकच. पुढे शून्य ते नऊ सगळे लावून पाहिले, सव्विसाने भाग जातच नाही. संख्यांना अंत नाही, पण ही इथे थांबते. कुणी थांबवली नाही. अहो, कुणी रचलीही नाही. माणूस नव्हता तेव्हाही ती हीच होती आणि ही साथ गेल्यावरही हीच राहील. मी हात जोडले. देवापुढेही इतक्या मनापासून कधी जोडले नव्हते.

६. मग पाकीट फोडले. तेच पंचवीस अंक. खाली तिचे अक्षर: "बाबा, तुमचं उत्तर येईपर्यंत मी हे खरं मानणार नाही. सव्विसावा नाहीच ना?"

लहानपणी तिचे गणित बरोबर आले तरी मी खाली "पुन्हा तपास" असेच लिहीत असे. शाबासकी कधी दिली नाही. तिच्या या कागदावर मी लाल पेनने लिहिले आहे: "नाही. बरोबर आहे, यामिनी." कागद पहिल्या वहीत आहे. आज तिला फोन करणार आहे, पण माझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे लेखी.

७. साक्षीदार मास्क लावून कुंपणापलीकडे उभे असताना फोन लावला. कागदावर लिहिले ते तिला सांगितले. ती रडक्या आवाजात म्हणाली, "बाबा, पुन्हा तपासलंत?"

नाही. शुक्रवारी उठलो तर पहिल्या वहीपासून तपासायला घेईन, असे तिला कबूल केले आहे.

सही: चं. वि. टिळेकर
साक्षीदार (शेजारी, दोघांनी आपापले पेन वापरले): मयूरा केळुस्कर, शंतनू केळुस्कर
गिरावीन, बुधवार, २५ ऑगस्ट २०२१