राख कुणाची, याबद्दल

मी, श्रीमती भिकाबाई भ्र. रूपसिंग राठोड, वय अठ्ठावन्न, शिक्षण जुनी मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार मंदिरामागची गल्ली, औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, हे माझ्या घरात बसून, माझ्या चष्म्यानं आणि माझ्याच हातानं लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी नागनाथाला बेल वाहून आले आणि येताना मीठवाल्यानं चूक केलेला आठ आण्यांचा हिशेब त्याला दाखवून दिला, यावरून कुणीही खात्री करून घ्यावी. माझ्यावर कुणाचा दाब नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

येत्या सोमवारी नांदेडला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरत नाही. पण मी गेल्यावर या गल्लीत बोलणारी एकच उरेल, म्हणजे माझी धाकटी जाऊ शिला, दीर भीमसिंग यांची बायको. ती काय बोलेल ते मला माहीत आहे. म्हणून आधी लिहून ठेवते.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या, वर पत्रे, मागं परस, हे माझा एकुलता एक मुलगा कुलदीप याला मिळावं. परसातला खड्डा त्यानं बुजवू नये. मी असेपर्यंत या घरात गॅस आला नाही. कुलदीपनं तीनदा आणतो म्हटलं, मी तीनदा नको म्हटलं. शेजारी मला चिकट म्हणतात. चूल मी राखेसाठी ठेवली, याचं कारण कलम ४ मध्ये आहे. माझ्यामागं त्यानं गॅस घ्यावा, पण परसात एक चूल पेटती ठेवावी.

कलम २. पोस्टातले पैसे कुलदीपचे. त्यातून दर श्रावणी सोमवारी नागनाथाला तेल द्यावं. माझ्या मयताला बँड लावू नये, जेवण साधं करावं. माझी राख सिद्धेश्वरला पूर्णेत सोडावी. त्या दिवशीच्या चुलीची राख मात्र वाया घालवू नये, चाळून डब्यात भरावी.

कलम ३. माझ्या मालकांची एसटीतली कंडक्टरची चामडी पिशवी आणि तिकिटाचा चिमटा कुलदीपला. पितळी तांब्या आणि पोथी देवळात. पोथीत सन २००३ चं पेपरचं कात्रण आहे. ते देवळात देऊ नये, या कागदाला टाचावं.

कलम ४. धंद्याबद्दल. माझा धंदा वर घरकाम लिहिला आहे, तो सरकारी. खरा धंदा गल्लीतली कुत्र्यांची घाण कमी करण्याचा आहे. लिहायला मला लाज वाटत नाही.

सन १९९७, तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी ओल्या लुगड्यानं तांब्या घेऊन अनवाणी देवळाकडं निघाले, आणि हिरासिंगच्या बेल-फुलांच्या दुकानासमोर माझा पाय त्यात पडला. परत येऊन अंघोळ केली, तोवर अभिषेकाची माझी पाळी गेली. वर्षभर धरलेला सोमवार गेला. या गल्लीतून यात्रेकरू अनवाणीच चालतात. ते खाऊन द्रोण टाकतात, द्रोणामागं कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागं काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी ठरवलं, हे थांबवायचं.

पहिल्यांदा मी चुकले, तेही लिहिते. दारात निळीच्या पाण्याची बाटली ठेवली की कुत्रं फिरकत नाही, असं तेव्हा घरोघर चाललं होतं. मी जपून ठेवलेल्या एकेचाळीस बाटल्या भरून गल्लीत विकल्या. तिसऱ्या दिवशी एक पिवळं कुत्रं माझ्याच बाटलीला डोकं टेकून झोपलेलं. शिला भर गल्लीत म्हणाली, "अक्का, बिचाऱ्याला उशी पायजे होती, तुमी बराबर दिली." सगळे हसले. ते हसणं मी विसरलेली नाही.

मग राख सुचली. मला सुचली. चुलीची राख चाळायची. तुपाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडायची. घाणीवर राख भुरभुरायची आणि नागनाथाचं नाव अकरा वेळा घ्यायचं. तेवढ्यात ती कोरडी पडते आणि पत्र्याच्या सुपलीवर अख्खी येते. रस्त्याला डाग राहत नाही, वास राहत नाही. सगळं परसातल्या खड्ड्यात टाकून वर माती. घरटी दोन रुपये महिना, दुकानाला पाच, आणि प्रत्येकानं आपल्या चुलीची राख द्यायची.

हिरासिंग म्हणाला, "वहिनी, हे काय आपलं काम हाय? कुणाला तरी लावा की."

मी म्हटलं, "कुणाला लावू? सोमवार माझा गेला, उचलायचं दुसऱ्यानं काहून?"

दोन वर्षं पहाटेची फेरी मी केली. मग दम लागायला लागला, म्हणून फेरी शिलाला दिली. इथं मी माझ्या हातानं दार उघडलं.

शिलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी आमच्या तांड्यावरची पहिली मॅट्रिक पास पोरगी. मीच तिला शिकवलं, पाटीचा खर्च नको म्हणून ताटात राख पसरून. "राख" हाच पहिला शब्द. ती काना विसरायची आणि "रख" लिहायची. मी ताट हलवून पुन्हा लिहायला लावायचे. म्हणजे अक्षर माझं, राख माझी, डबा माझा, गिऱ्हाईक माझं.

फेरी मिळाल्यावर तिनं स्वतःची अक्कल लावली. गल्लीच्या टोकाला बाभळीखालची पडीक जागा आहे, तिथं रोज पहाटे शिळ्या भाकरीचे तुकडे टाकायला लागली. भाकर वाया जाते म्हणून मी रागावले. ती म्हणाली, "अक्का, कुत्रं जिथं खातंय तिथंच घुटमळतंय, आन् तिथंच मोकळं होतंय. उचलत बसण्यापरीस त्याला जागा दावून द्या ना." महिन्याभरात गल्लीतली घाण रोजच्या चाळीसवरून सातावर आली. मी रोज मोजून वहीत मांडत होते, म्हणून नाकारता येत नाही. आकडे माझे, पण कुत्री तिची झाली. ती दिसली की सगळी शेपट्या हलवत धावतात. मी बारा वर्षं त्यांची घाण मोजली, एकानं कधी माझ्याकडं मान वळवली नाही. त्याचंही मला वाईट वाटतं. हसायचं त्यानं हसावं.

आता २००३. स्वच्छतेची पाहणी करायला बाहेरगावची मंडळी आली. मी चुलीपुढं त्यांच्यासाठी चहा करत होते, बारा कप, साखर माझी. शिला डबा घेऊन गल्लीत उभी. चहा घेऊन बाहेर आले, तर तिच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि फोटो निघून गेलेला. राख कुणाची, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. माझ्या हातून ट्रे घेतला आणि मलाच म्हणाली, "अक्का, तुमी बसा." चार दिवसांनी पेपरात आलं. गल्लीत तिला "राखवाली" म्हणतात. पेपरवाल्यानं काना खाल्ला आणि छापलं, "गल्लीची रखवाली करणाऱ्या शिलाबाई". राखही गेली आणि मीही गेले. तेव्हापासून सहा वर्षं मी तिच्याशी कामापुरतं बोलते. तिची शाल अजून नवी आहे. दर दिवाळीला ती उन्हात घालते, माझ्या खिडकीसमोरच्या दोरीवर.

~~कलम ५. राखेचे तीन डबे, दोन सुपल्या, कुत्र्यांची वही आणि फेरीचा हक्क हे शिला भ्र. भीमसिंग राठोड हिला द्यावं. अट अशी, की तिनं गल्लीत सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, राख अक्काची.~~ खोडलं. भि. रू. राठोड.

खोडण्याचं कारण लिहिते. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले होते. तिला द्यायचं जिवावर आलं होतं, पण काम तिलाच येतं, आणि शिवरात्र दोन आठवड्यांवर आहे. तेव्हा मी नांदेडला खाटेवर असेन, किंवा कुठंच नसेन. त्यात माझ्या मनात आणखी एक होतं, की साक्षीदार म्हणून सही पण शिलाचीच घ्यायची. म्हणजे वरच्या सगळ्या मजकुराखाली तिचं नाव कायमचं राहील. तहसीलसमोर अर्ज लिहिणारे अमृतराव कदम यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "भिकाबाई, जिला द्यायचं तिचीच साक्ष घेऊ नका. उद्या कुणी वाकडं धरलं तर तकलीफ होईल. एक तर डबे द्या, न्हाई तर सही घ्या."

म्हणून आज दुपारी शिलाला बोलावलं. अमृतराव बसलेले होते. मी वरचं सगळं तिला वाचून दाखवलं, शालीसकट. ती खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "अक्का, त्यांनी विचारलं, राख कोण टाकतं? मी म्हणलं, मी टाकते. डोकं कुणाचं, असं कुणी विचारलंच न्हाई."

मी म्हटलं, "तोंड होतं की तुला. सांगायचं."

"मी येडी भांबावून गेले होते. एवढी मानसं, फोटो. घरी आल्यावर कळलं. तवर तुमी बोलायचं सोडलं होतं. सहा वर्सं झाली, तुमी तरी इचारलं का एकदा?"

मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. मी कात्रण जपत होते.

मी म्हटलं, "आता बोल. डबे पायजेत का सही करतेस?"

मला वाटलं ती डबे मागेल. तिचा जीव त्या फेरीत आहे. डबे तिनं घेतले असते, तर ती लोभी ठरली असती आणि मी सुखानं नांदेडला गेले असते. तिनं अमृतरावांच्या हातातला पेन घेतला आणि म्हणाली, "डबे नगं मला. सही करते."

"आन् शिवरात्रीची फेरी?"

"फेरीला कागद लागतो व्हय? मी जातेच की. कुत्री वाट बघतेत."

म्हणजे यातही तीच वरचढ झाली. मान पण देणार आणि वर काही घेणार नाही. हे मला सहन होत नाही. मेल्यावर तरी तिचं देणं माझ्या अंगावर नको. म्हणून नवं कलम लिहिते.

कलम ६. राखेचे तीन डबे, दोन सुपल्या, वही आणि फेरीचा हक्क शिलाची सून निलम हिला मिळावा. निलमनं ते घरात कुणाच्या हाती द्यायचे याबद्दल माझी काही अट नाही. हे वाचून अमृतराव हसले. मी हसले नाही.

कलम ७. ऑपरेशनहून मी जिवंत परत आले तर डबे माझेच. रोजची मोजणी तोवर निलमनं करावी, आणि सातचे पाच झाले तर पाचच लिहावे, सासूच्या कौतुकासाठी तीन लिहू नयेत.

वरचा मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली आहे.

ठिकाण : औंढा नागनाथ
सोमवार, माघ पौर्णिमा, दि. ९ फेब्रुवारी २००९

लिहून देणार :
भिकाबाई भ्र. रूपसिंग राठोड

साक्षीदार :
१. अमृतराव ग्यानोजी कदम
२. शिला भीमसिंग राठोड
राख अक्काची. भाकर माझी.

टीप : साक्षीदार क्रमांक दोन हिनं सहीखाली न विचारता जादा मजकूर लिहिला आहे. तो कुणी खोडू नये. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि काना जागेवर आहे.
भि. रू. राठोड