पूर्वाच्या पुस्तकातल्या फुल्या

मंगळवार, संध्याकाळ

आज पूर्वा आली होती. मागच्या वर्षी माझ्या बारावीच्या क्लासमधे गणितात पहिली आलेली पोट्टी. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरमधे गणितात नापास झाली. रडली नाही. बारावीचं पुस्तक तेवढं माझ्यासमोर ठेवलं, कोणाले कामी येईल म्हणे.

उघडलं, तर प्रत्येक सिद्धतेवर पेन्सिलीची फुली. मीच सांगितलं होतं, परीक्षेत येत नाही, सोडून द्या.

"सर, वहाँ सब यहीं से शुरू होता है. फॉर्म्युले तो सब याद हैं. पर कोई 'क्यों' पूछे तो..."

मी म्हटलं, चहा घे. दुसरं काय म्हणणार होतो? ती पहिली आली तेव्हा शंकर नगरभर पेढे मीच वाटले होते ना.

ती गेल्यावर खोडरबर घेऊन बसलो. काहून, कोणासाठी, माहीत नाही. फुली निघते, पण दाबून मारलेली, तिचा वळ राहतो.

आणि आज सकाळीच नव्या मुलांकडून त्याच सिद्धतांवर फुल्या मारून घेतल्या. एकीनं विचारलं होतं, "सर, पेन से चलेगा?"

चलेगा, म्हटलं मी.