मैनेला शिकवलेलं

७ एप्रिल, सोमवार
परतवाड्याहून एसटीने सुखरूप पोचलो. ईशानचा जठारपेठेतला फ्लॅट ऐसपैस आहे. कूलर जोरदार. सूनबाई चारुताने आल्याबरोबर पन्हं दिलं. टीव्हीशेजारी एक गोल डबी आहे, तिचं नाव मैना. नाव घेऊन सांगितलं की पंखा, टीव्ही लावते, फोन जोडते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी तिने माझंही ऐकलं! ईशान म्हणाला, बाबा, आता तुमाले उठाचंबी काम नाई.

९ एप्रिल
मैना न बोलावता जागी होते. कुकरच्या शिटीला, भाजीवाल्याच्या हाकेलाही ‘बोला’ म्हणते. चारुता हसली, बाबांसारखीच आहे, कोणाचंबी बोलणं सुरू असो, मधात बोलते. मैनेने ऐकलेलं सगळं मोबाइलमध्ये साठतं. ईशानने काम दिलं : एकेक ऐकायचं, चुकीचं असेल तर ‘हे माझ्यासाठी नव्हतं’ हे बटण दाबायचं. वर तेच शब्द आपण तीनदा म्हणून दाखवले की ती पुन्हा त्याला ओ देत नाही. चुकून भलतंच दाबलं तर, ही धास्ती आहेच.

११ एप्रिल
आज मोबाइलमध्ये बाईचा आवाज निघाला. ‘अवो, आयकता का? पानी द्या जरा.’ वेळ दुपारची. तेव्हा घरात मी एकटाच होतो, टीव्ही बंद.
कुंदाने जन्मभर माझं नाव घेतलं नाही. अवो म्हणूनच हाक मारायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

१२ एप्रिल
आज अकरा वेळा तीच हाक. उद्या ईशान यादी तपासणार. त्याला मी सांगितलंय, आई झोपेत गेली. खरं म्हणजे ती दुपारभर पाणी मागत होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, मी वैतागलो होतो. टीव्हीचा आवाज वाढवला. संध्याकाळी पाहिलं तर—
सगळं पुसलं. बटण दाबलं. दार लावून तीनदा म्हणालो, अवो, पानी द्या. मैना गप्प झाली. सुटलो.

१८ एप्रिल, शुक्रवार
ईशान-चारुता लग्नाला अमरावतीला गेलेत. रविवारी येतील. मी न्हाणीतून निघताना घसरलो. खुबा मोडला असावा. सरपटत हॉलमध्ये आलो, ही वही ओढून घेतली. मोबाइल वर फळीवर. मैना, ईशानला फोन लाव, म्हणालो. ओ नाही. वीसदा म्हणालो. त्या दिवशी तीनदा म्हणून दाखवलं ते माझ्याच आवाजात. माझ्याच आवाजाला तिने—
टीव्ही आपोआप लागला. मोठ्याने.
मी ओरडलो. शेजारच्या केशवरावांनी भिंत ठोकली, आवाज कमी कर बुढ्या, बहिरा झाला का! त्यांना टीव्हीच ऐकू गेला.

१९
घसा चिकटला. माठ समोर, दहा पावलं.
हात जोडले. पहिल्यांदा तिला नावाने— कुंदे, पानी दे.
मैनेचा दिवा लागला. आवाज मात्र कुंदाचा.
हे माह्यासाठी नवतं, म्हणाली.
टीव्हीचा आवाज तिने पुन्हा वाढव—